आडव्या व्हायला जाणाऱ्या आत्ती

आमच्या चुलत सासूएवढं झकास आजारी पडणारं माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात घावायचं न्हाय, आणि त्यांना आजवर साधी शिंक आलेली कुणी बघितली न्हाय. आम्ही त्यांना आत्ती म्हणतो. वडगावच्या बाजारात कोथमिरीची पाटी डोक्यावर घिऊन तरातरा चालणारी बाई. पण डागदर घडवायच्या एका कॉलेजात तपासणी आली की तिथली गाडी गावात येती आणि आत्ती आडव्या व्हायला जात्यात. साहेब लोक खाटांवर पेशंट हाईत का बघत्यात, न्हाईत तर कॉलेजची परवानगी जाती, म्हणून धडधाकट माणसं रोजावर न्हिऊन झोपवायची. आत्ती त्यातल्या म्होरक्या. अर्धांगवायू मिळाला तर आदल्या दिवशी घरात एका हातानं च्या करून बघणार, तोंड वाकडं करून आमच्या चुलत सासऱ्यांशी भांडणार. कागदावर शेवंता नाव आलं तर घरी आल्यावरबी हाकेला ओ न्हाय. "आज मी शेवंता हाय, उद्या बोल," म्हणत्यात! आणि पडल्या की अशा पडत्यात, माशी पापणीवर बसली तरी पापणी हलत न्हाय. मला तर बघूनच काटा यायचा.

गेल्या खेपंला मीबी गेले. माझ्या कडेवरच्या लेकीला दोन दिवस ताप होता, म्हटलं दवाखानाच हाय, डागदर बघतील. आत्ती म्हणाल्या, "चल की, तुझी तर खरी पेशंट, मान मिळंल." पण त्या वार्डात पाय टाकला आणि मी पोरीला छातीशी आवळूनच धरलं बघा. दोन्ही बाजूला खाटा, गळ्यापर्यंत पांढऱ्या चादरी, समद्यांचं डोळं मिटल्यालं, कुणी खोकत न्हाय, कण्हत न्हाय. भर दुपारी! गाद्यांवरचं प्लास्टिकबी काढलं नव्हतं, कुणी श्वास घेतला की तेवढंच कुरकुरायचं. सलाइनच्या नळ्या हाताला नुसत्या चिकटवल्याल्या, सुई न्हाईच. आमच्या गल्लीतली माणसं ती, पण मला एकबी वळखंना.

आणि तेवढ्यात लेकीनं डोळं पांढरं केलं. अंग ताठ, हात झटकाय लागली. मी पांढऱ्या कोटवालीकडं पळाले, तर ती पोरगी रडकुंडीला आली, कानात म्हणती, "ताई, मी ऑफिसात असती हो, कोट घालून उभी ऱ्हा म्हणालेत." दुसरा कोटवाला भिंतीकडं तोंड करून उभा. दारातनं तपासणीचा साहेब आत आला आणि आम्हाला गाडीतनं आणणारा मुकादम माझ्यावर दबक्या आवाजात वरडला, "गप! खाटंवर जा!"

तवा आत्ती उठल्या. अर्धांगवायूचा पेशंट, हाताला नळी लोंबतीया, बाटली फरशीवर घसटतीया, आणि पोरगी माझ्या हातातनं हिसकून त्यांनी थेट साहेबाच्या हातात दिली. "सायेब, हितं एवढीच खरी आजारी हाय. बाकी आमी समदी ठणठणीत हाय!"

वार्डातल्या समद्यांनी एकदम डोळं उघडलं. कुणी हललं न्हाय, नुसतं डोळं. ते अजून माझ्या सपनात येत्यात.

साहेब म्हातारा होता, सोता डागदर. त्यानं कागद खाली टाकलं, पोरीला कुशीवर वळवलं, कपडं काढायला लावलं, वल्या फडक्यानं अंग पुसलं, आणि झटकं थांबल्यावर सोताच्या गाडीतनं कोल्हापूरला सरकारी दवाखान्यात धाडलं. तिथल्या बाईंनी, खऱ्या डागदरबाईंनी, पोरगी जगवली.

ती गाडी आता आमच्या गावात येत न्हाय. गल्लीतली काही जण आत्तींशी बोलत न्हाईत. त्या म्हणत्यात, "न्हाय तर न्हाय. पडून पडून पाठ दुखाय लागलीती." पोरगी आता चालती, पण झोपली की मी नाकाशी बोट धरून बसते. एकदा आत्ती आमच्या बाहेरच्या सोप्यात निजल्या होत्या, सवयीनं तशाच निपचित, आणि मी किंचाळले. तवापासनं त्या आमच्याकडं आडव्या होत न्हाईत. दुपारी येत्यात, भिंतीला टेकून बसल्या बसल्या डोळा लावत्यात, आणि झोपंतबी पायाचा अंगठा हलवत ऱ्हात्यात, मला दिसावा म्हणून.