फेसाचा पांढरा

कवळीवाल्यांना पांढऱ्या रंगाचं वेड होतं, आणि ते पोटापाण्याच्या धंद्यातूनच लागलं होतं. दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती. तिथे बसून ते आयुष्यभर कवळ्या आणि खोटे दात बनवत आले. खोटा दात शेजारच्या खऱ्या दाताला रंगाने मिळाला पाहिजे, नाहीतर माणूस हसला की बिंग फुटलंच. त्यासाठी नमुन्याच्या दातांची एक पट्टी असते. ती पेशंटच्या ओठाशी धरायची आणि जुळणारा दात निवडायचा. पांढऱ्याचे प्रकार किती, हे कवळीवाल्यांना चुकूनही विचारू नये. दुधाळ पांढरा, राखाडी पांढरा, चहावाल्याचा, विडीवाल्याचा. ऐकणारा जांभया देत उठून जाई, पण यांचं संपत नसे. गल्लीत त्यांचं खरं नाव पोस्टमन सोडला तर कुणाला माहीत नव्हतं.

वर्षातून एकदा, आठवडाभर, ते बायकोला घेऊन समुद्रावर जात. दर वर्षी तोच किनारा, तेच लॉज, वरच्या मजल्यावरची तीच कोपऱ्यातली खोली, जिथल्या नळाला पाणी येण्याआधी खोकला येई. दुसरीकडे जाऊ म्हटलं तर नाव नको. कारण काय, तर फेस. त्या किनाऱ्यावर खडकांची एक रांग पाण्यात शिरलेली होती. लाट तिच्यावर आपटून फुटली की फेस वाळूवर लांबवर पसरे, आणि त्या फेसासारखा पांढरा जगात दुसरीकडे नाही, असं कवळीवाल्यांचं ठाम मत होतं. जग त्यांनी फारसं पाहिलं नव्हतं, ते सोडा. हा फेस बघायला ते जात आणि घरी येऊन त्याची चित्रं काढत.

घरी येऊन, बरं का. किनाऱ्यावर मांडी ठोकून चित्र काढणाऱ्यांची त्यांना कीव येई. "समोर ठेवून काय, कोणीही काढेल. आधी डोक्यात मुरलं पाहिजे," असं ते म्हणत. म्हणून आठवडाभर नुसतं बघायचं. सुरुवातीच्या वर्षांत निदान ती दातांची पट्टी तरी खिशात असे. घोटाभर पाण्यात उभं राहून फेसाजवळ पट्टी धरायची आणि कुठला दात जुळतो ते पाठ करायचं. लोक म्हणत, हा माणूस लाटेला दात बसवतोय वाटतं. पण तेव्हाची चित्रं खरंच चांगली होती, कशाला खोटं बोला. ती लोकांनी मागून नेली. एक दवाखान्यात लावलेलं होतं, आणि दाढ उपटायला आलेला माणूससुद्धा त्याच्याकडे बघताना घटकाभर कळ विसरे.

बायको या सगळ्या वेळात वाळूवर टॉवेल अंथरून बसलेली असे. पाण्याची बाटली, त्यांची टोपी, त्यांचा सुका शर्ट, सगळं तिच्या पिशवीत. तिला समुद्र आवडतो का, हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

मग एक दिवस डॉक्टर म्हणाले, "काका, रंग जुळवायचं काम नव्या मुलीकडे देऊ या. तुम्ही साचे बघा. तुमच्यासारखे साचे कुणाला जमत नाहीत." कवळीवाले बढती मिळाल्यासारखे छाती फुगवून घरी आले. खरं काय झालं होतं? दोन-तीन पेशंट हातात आरसा घेऊन परत आले होते. एका बाईंचे पुढचे दोन दात तर सगळ्या दातांत उपऱ्यासारखे दिसत होते. डॉक्टर भला माणूस, तोंडावर बोलला नाही. भल्या माणसांनी गप्प बसून जेवढं वाटोळं केलंय, तेवढं वाईट माणसांनी बोलून केलं नसेल. पट्टी त्या मुलीच्या टेबलावर गेली. "मला कशाला पट्टी? माझी नजर हीच पट्टी," असं कवळीवाले घरात सांगत सुटले.

त्या नजरेत मोतीबिंदू धरत होता. तो इतका सावकाश येतो की चोर घरात शिरला हेसुद्धा माणसाला कळत नाही. जग हळूहळू पिवळट होत जातं आणि माणसाला वाटतं, जगच जुनं झालं. ट्यूबमधला पांढरा रंग कॅनव्हासवर लावला की कवळीवाल्यांना तो मळका वाटे, आणि आठवणीतला फेस तर लख्ख. मग त्यात थोडा निळा घालायचा. पुढच्या वर्षी आणखी थोडा. "हल्ली रंगांतसुद्धा भेसळ करतात," हे वर. स्वयंपाकघराची भिंत पिवळी पडलीय म्हणून बायकोच्या मागे लागायचे. ती बिचारी स्टुलावर चढून भिंत घासायची, आणि हे खालून बोट दाखवणार, "तिथे राहिलं बघ अजून."

तिला दिसत होतं. ती घरी शिवणकाम करायची, कापडाला दोरा जुळवण्यात तिची नजर पक्की होती. एका संध्याकाळी कवळीवाल्यांचा धाकटा भाऊ आणि भावजय जेवायला आले होते. नवं चित्र समोर भिंतीला टेकवून ठेवलेलं. वाढता वाढता ती म्हणाली, "अहो, यात निळं जरा जास्त झालंय का?" बास, एवढंच.

कवळीवाल्यांनी हातातला घास खाली ठेवला. "अगं, दात घासण्यापलीकडे तुझा आणि पांढऱ्याचा संबंध काय?"

भाऊ खो खो हसला. भावजय तोंडावर हात ठेवून हसली. तीही हसली, आणि रिकामं भांडं उचलून आत गेली. त्यानंतर चित्राबद्दल तिने कधी ब्र काढला नाही. नवं चित्र दाखवलं की "छान" म्हणायची आणि कामाला लागायची. कवळीवाल्यांना वाटलं, चला, उशिरा का होईना, हिला चित्रातलं कळायला लागलं.

ते निवृत्त झाले त्या वर्षी लॉजच्या मालकीणबाईंनी खाली जेवणाचा मोठा हॉल बांधला. भिंती उघड्या दिसत होत्या. "काका, तुमची चित्रं द्या ना," असं त्या म्हणाल्या मात्र, कवळीवाल्यांनी होती नव्हती तेवढी सगळी बांधून पाठवली. घरात एक ठेवलं नाही. बायकोला म्हणाले, "माझ्या हातच्या कवळ्या ज्याच्या त्याच्याबरोबर जातात. मागे काय राहणार? हीच राहतील." हे मात्र ते मनापासून बोलले होते. एवढ्या आयुष्यात आपण काहीतरी केलं, याला साक्षीदार म्हणून तेवढीच चित्रं होती.

त्यानंतर मोतीबिंदू कळला आणि दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. डोळ्यांवरची पट्टी निघाल्यावर घरी आले, पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि तसेच उभे राहिले.

"ही भिंत कधी रंगवलीस?"

"रंगवली नाही. आहे तशीच आहे," ती म्हणाली.

भिंत पांढरीशुभ्र होती. एखाद्याची मान इथेच खाली गेली असती. पण यांच्या डोक्यात भलतंच. आता चित्रं खरी कशी आहेत ते दिसेल, इतकी वर्षं आपण काचेआडूनच बघत होतो, असं म्हणत त्यांनी पोराच्या हुरूपाने बॅगा भरायला घेतल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी प्रवासाला होकार दिला त्याच आठवड्यात दोघं किनाऱ्यावर पोचली.

हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि कवळीवाल्यांची दातखीळ बसली. समोरची अख्खी भिंत निळी होती. पांढऱ्या कपड्यांना नीळ जास्त झाली की दिसतात तसा फेस. एका चित्रात नाही, एकजात सगळ्यांत. लाटा गोठलेल्या, वाळू मेल्यासारखी. त्यांनी एकेक चित्र जवळ जाऊन बघितलं, लांब जाऊन बघितलं. निळं ते निळंच.

मालकीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "पाहुण्यांना फार आवडतात हो. मुलं तर विचारतात, हा बर्फ कुठला? आम्ही याला बर्फाचा हॉलच म्हणतो."

"उतरवता येतील का?" कवळीवाल्यांनी कसंबसं विचारलं.

"छे हो, आता नका. मागे भिंतीला ओल आलीय, ती मस्त झाकली गेलीय त्यांनी."

घ्या. मागे राहील म्हणत होते, ते राहिलं, ओलीवर पांघरूण म्हणून.

वरच्या खोलीत ते पलंगावर बसून राहिले. बायको बॅगेतले कपडे काढत होती. ते म्हणाले, "तुला दिसत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते की. भाऊजी जेवायला आले होते तेव्हा."

त्यांना आधी आठवेना. मग आठवलं, आणि सगळ्यांचं हसणंसुद्धा आठवलं. तरी माणसाचा स्वभाव बघा. म्हणाले, "एकदाच?"

तिने हातातला शर्ट घडी करून ठेवला. "मग किती वेळा बोलायचं होतं मी? आणि किती वेळा हसायचं होतं?"

ती चिडली नव्हती, हे जास्त वाईट होतं. चिडली असती तर तिला समजावता आलं असतं.

सकाळी ते बाजारात जाऊन खेळण्यांच्या दुकानातून शाळेच्या पोरांचे रंग आणि जाड कागद घेऊन आले. "एक तरी खरं काढतो," म्हणाले. "समोर बसूनच काढतो." जिना उतरून ते तरातरा पुढे निघाले, ती कठडा धरून मागून आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघं एकाच टॉवेलवर बसली. त्यांनी खडक काढले, पाणी काढलं, आणि फेसापाशी येऊन हात थांबला. नव्या डोळ्यांना सगळंच झगझगीत दिसत होतं. कोरा कागदच तेवढा पांढरा सोडावा, की त्यात किंचित राखाडी घालावा? ज्या नजरेच्या जोरावर जन्मभर टिमकी वाजवली, तिच्यावर आता काडीचा भरवसा वाटेना. त्यांनी घाबरत घाबरत राखाडी लावला, पुसला, पुन्हा लावला. 

कागद त्यांनी तिच्यापुढे धरला. "तू सांग. जे दिसतं ते सांग. मी शब्द बोलणार नाही."

तिने कागद हातात घेतला. लांब धरला, जवळ आणला, उजेडाकडे तिरपा केला. मग समुद्राकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं. तिने इतका वेळ लावला की त्यांचा जीव टांगणीला लागला.

"मला दोन्हीकडे सारखंच दिसतंय," ती म्हणाली.

"म्हणजे जुळलं?"

"नाही हो. दोन्ही पिवळटच दिसतंय. मलाही मोतीबिंदू आहे."

कवळीवाल्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"तुम्हाला दाखवायला गेलो ना, तेव्हा त्या डॉक्टरांनी माझेही डोळे तपासले. पण सुईत दोरा जाईना झाला त्याला वर्ष तरी झालं. शिवण बंद केलं ते काय उगाच?"

शिवण बंद झालंय, हे त्यांना आत्ता कळत होतं. "मला सांगायचं नाहीस?"

"तुमचं ऑपरेशन होतं. मग तुमची चित्रं होती," ती म्हणाली. तिच्या आवाजात कुरकुर नव्हती. "तुम्ही विचारलंही नाहीत."

त्यांनी तिच्या डोळ्यांत बघितलं. दोन्ही बाहुल्यांवर करडी साय धरलेली होती. उन्हात ती इतकी स्पष्ट होती की त्यासाठी ऑपरेशन करून आणलेल्या डोळ्यांचीही गरज नव्हती. समोर बसलं की दिसेल अशी. लाज वाटली त्यांना, मरणाची लाज वाटली. पण लाज वाटून तिला पांढरं दिसणार नव्हतं, आणि ती वर्षंही परत येणार नव्हती.

"धरा हे," ती म्हणाली. "ओलं आहे अजून, वाळू चिकटेल." तिने कागद कडेने जपून त्यांच्या हातात दिला आणि टॉवेल झटकायला उठली.