पेटीवाले, ढगवाले आणि सेव्हताई

लेक फोनवर ‘बरं’ म्हणाली, आणि तेव्हापासून आईच्या जिवाला घोर लागला.

ही लेक ‘बरं’ म्हणणाऱ्यांतली नव्हतीच. लहानपणी स्वेटर घाल म्हटलं की ‘का?’, काढ म्हटलं की ‘आता का?’. विज्ञान घे म्हटलं तेव्हा तिने भूगोल घेतला. लग्नाचा विषय काढला तेव्हा ‘तुम्ही दोघांनी का केलंत, ते आधी सांगा’ असं विचारलं, आणि आईबाबा एकमेकांकडे बघत बसले. चाळिशी ओलांडली तरी तिला काही सांगायचं म्हणजे आईला आधी मनातल्या मनात चार मुद्दे तयार ठेवावे लागत. अशा मुलीने काल संध्याकाळी आईचं पहिल्या फटक्यात ऐकलं. वाद नाही, चिडणं नाही. नुसतं ‘बरं’. आणि फोन ठेवला.

लेक शहराच्या बस कार्यालयात वेळापत्रकं बनवायची. कुठली बस कधी सुटणार हे ठरवणारे लोक वेगळे. ठरलेलं सगळं माणसांना उभ्या उभ्या वाचता येईल असं कागदावर मांडायचं काम तिचं. थांब्यावर काचेमागे लावलेल्या कागदाकडे कोणी कौतुकाने बघत नाही, पण आई बघायची. दर पाच ओळींनंतर लेकीने एक बारीक करडी रेघ टाकलेली असे. ‘डोळा घसरत नाही त्याने,’ ती सांगायची. शाळेत असताना वहीतल्या समासाची रेघ जरा तिरकी गेली तर ती पान फाडायची, म्हणून बाबांनी तिचं नाव फूटपट्टी ठेवलं होतं. कार्यालयात मात्र तिला सगळे सेव्हताई म्हणत. कारण कोणाच्याही टेबलाजवळून जाताना ती विचारायचीच, ‘सेव्ह केलंस का?’ शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांना. एकदा म्हणे जुन्या साहेबांच्या निरोपसमारंभाचं भाषण वीज गेल्याने उडालं होतं. तेव्हा त्यांनी भर सभेत कबूल केलं, ‘सेव्हताईंनी दोनदा विचारलं होतं, मी दोनदा हो म्हणून खोटं बोललो.’

तिचा सगळा संसार एका जुन्या प्रोग्रॅममध्ये होता. कार्यालयाने तो घेतला तेव्हा तो पुठ्ठ्याच्या पेटीतून आला होता, सीडीच्या चकत्यांसकट. त्यात तिने आपले साचे बनवले, रेघा बसवल्या, अक्षरांचे आकार ठरवले. मग दुसऱ्या कंपनीचा प्रोग्रॅम आला. हा पेटीतून आला नाही, कुठूनच आला नाही. तो म्हणे ढगात असतो, आपण फक्त खिडकी उघडायची. झालं, कार्यालयात दोन पक्ष पडले, पेटीवाले आणि ढगवाले. दोन्ही कंपन्यांची माणसं येऊन जायची. एकीने सगळ्यांना कप वाटले, तर दुसरीने पिशव्या. पेटीवाले ढगवाल्यांच्या कपातून चहा प्यायचे नाहीत, ही गोष्ट लेकीने हसत हसत सांगितली होती. पण ती स्वतःही पीत नव्हती, हे आईला न सांगता कळलं.

ढग आणायला एक नवी मॅडम नेमली होती. लेकीपेक्षा बरीच लहान, चालताना फोनवर बोलणारी. लेक तिच्याबद्दल बोलायची तेव्हा आवाजात खडा यायचा.

‘अगं आई, माझा तक्ता तिच्या त्या ढगात उघडला ना, तर परक्या घरी गेल्यासारखा अवघडून बसला. माझी करडी रेघ काळी ठिक्क! मी म्हटलं, मॅडम, हे काय? तर म्हणते, ताई, होईल सवय. मला की रेघेला?’

‘आणि सेव्हचं काय ग?’ आईने विचारलं होतं.

‘सेव्हचं बटणच नाही त्यात. आपोआप होतं सगळं. मी आता लोकांना काय विचारू? जेवलात का?’

आई खूप हसली होती तेव्हा. लेक हसली नव्हती.

मग ही चूक झाली. चूकही अशी, की ती पेटीवाल्या माणसाच्याच हातून व्हावी. नव्या पद्धतीत कागद एकच असतो आणि सगळे त्यातच लिहितात. लेकीला ते पटायचं नाही. आपल्या कागदात दुसऱ्याचा हात फिरतोय, ही कल्पनाच तिला सहन होत नव्हती. म्हणून ती त्या कागदाची प्रत आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची, जुन्या प्रोग्रॅममध्ये उघडायची, शांतपणे दुरुस्त करायची, आणि नीट झालेलं परत वर ढगात चढवायची. या वेळी बऱ्याच बसच्या वेळा बदलल्या होत्या. तिने त्या एकेक करून घातल्या, दोनदा तपासल्या, सेव्ह केल्या आणि समाधानाने घरी गेली. वर चढवायच्या राहिल्या. तिच्या हाताला सेव्ह म्हणजे काम संपलं एवढंच ठाऊक होतं. छापखान्याने ढगातला कागद उचलला. सगळ्या थांब्यांवर, नव्या तारखेखाली, जुन्या वेळा लागल्या.

हे आईला आधी लेकीकडून नाही, थांब्यावरच कळलं. ती डोळे तपासायला हॉस्पिटलला निघाली होती. कागदावर बघितलं, बस यायला थोडा अवकाश होता. ती बाकावर टेकली. तो अवकाश संपला, पुढची वेळही उलटली, तरी बसचा पत्ता नाही. शेजारी हात गळ्यात बांधलेला एक गृहस्थ येरझाऱ्या घालत होता.

‘गेली ती,’ मागच्या दुकानदाराने आतूनच सांगितलं. ‘आता लवकर येते. कागदावर जुनंच छापलंय.’

‘कोण गाढव बनवतं हो हे?’ गृहस्थ आईलाच म्हणाला.

आई ढगात जाऊन काळ्या झालेल्या त्या रेघांकडे बघत राहिली. तरी किती सरळ होत्या. ते गाढव माझं आहे, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिने नुसतं ‘काय करणार’ म्हटलं आणि रिक्षा शोधायला लागली.

संध्याकाळी तिने फोन केला तेव्हा लेकीने सगळं सांगितलं. छापखान्याला सगळे कागद पुन्हा काढावे लागणार होते. पण खरी गोष्ट त्याच्या पुढे होती. मोठे साहेब आतून पक्के पेटीवाले. त्यांनी लेकीला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि म्हणाले, ‘तुम्ही दुरुस्त्या केल्या होत्या ना?’

‘केल्या होत्या.’

‘मग झालं तर. तुम्ही केल्या आणि ढगाने गिळल्या. उद्या बैठकीत तुम्ही फक्त एवढंच म्हणा, की मी केल्या होत्या. बाकीचं मी बघतो. जुनं परत आणू आपण.’

‘पण मॅडमचं?’

‘त्यांनी आणलंय, त्या निस्तरतील.’

लेक हे सांगून थांबली. मग हळूच म्हणाली, ‘खोटं नाहीच ना ते, आई? केल्या तर होत्याच मी.’

इथे आईने विचार करायला हवा होता. पण तिच्या डोळ्यांपुढे वेगळंच चित्र आलं. लेक एकटी राहते, या वयात. वेळापत्रकांच्या पलीकडे तिने दुसरं काम केलेलं नाही, आणि ज्या प्रोग्रॅममध्ये तिचा हात धरणारं कोणी नाही तोच उद्या बंद झाला तर तिला दारात कोण उभं करणार? आई भडाभडा बोलली, ‘साहेब सांगतायत तसंच म्हण. उगाच हरिश्चंद्राचा अवतार होऊ नकोस. तू काही वावगं बोलत नाहीयेस. त्या मॅडमला मिळेल दुसरीकडे, ती तरुण आहे.’

आणि लेक म्हणाली, ‘बरं.’

सकाळी बाबा चहा घेऊन रेडिओशी झटापट करत होते. आईने कपाला हात लावला नाही.

‘काय झालं?’ बाबांनी विचारलं. ‘कालपासून बघतोय. फूटपट्टी काही म्हणाली का?’

आईने सगळं सांगितलं. साहेब, केबिन, आपण काय म्हणालो, सगळं. बाबा ऐकता ऐकता रेडिओचा कान पिळायचे थांबले.

‘आणि ती बरं म्हणाली?’

‘हो.’

‘मग करेल ती तसं.’ बाबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, ‘कमाल आहे. जन्मभर तुझं एक ऐकलं नाही पोरीने. ऐकायला लागली, तर नेमकं हे सापडलं तिला?’

‘तुम्हाला थट्टा सुचते. तिची नोकरी जाईल म्हणून मी –’

‘मी कुठे थट्टा करतोय?’

आईला त्या मॅडमची आठवण झाली. तिला कधी पाहिलंही नव्हतं तिने. पण लेकीनेच मागे एकदा सांगितलं होतं, की मधल्या सुट्टीत ती जिन्यात उभी राहून आपल्या आईशी बोलते, आणि डबा बंदच असताना ‘हो ग, जेवले, पोटभर’ म्हणते. लेकीने हे तिची नक्कल करत सांगितलं होतं, आणि नक्कल करता करता मध्येच थांबली होती.

दोन कंपन्या कुठे, कुठल्या शहरात बसून एकमेकींची गिऱ्हाइकं ओढतायत, आईला ठाऊक नव्हतं. हे कार्यालय इकडे गेलं काय नि तिकडे गेलं काय, त्यांच्यापैकी कोणाला सेव्हताईचं नावही कळणार नाही. आणखी काही वर्षांनी ढगवाल्यांनाही कोणी तरी हटवील. तेव्हा दुसरेच कप वाटले जातील. पण जिन्यातली ती मुलगी आणि आपली मुलगी आज त्या बैठकीत समोरासमोर बसणार. एकीला दुसरीने काय केलं ते माहीत असणार, आणि दुसरीला तर स्वतःचं माहीत असणारच. जी पोर समासाची रेघ तिरकी गेली तर पान फाडायची, ती हे कुठे फाडून टाकणार?

नोकरीची भीती होतीच. ती काही सकाळ झाली म्हणून कमी झाली नव्हती. लेक खरं बोलली तर साहेब चिडणार, ढग राहणार, आणि तिला त्या परक्या खिडकीत पुन्हा पहिलीपासून शिकायला बसावं लागणार, तेही त्याच मॅडमकडे. आईला हे सगळं दिसत होतं. पण काल तिने भीतीने तोंड उघडलं होतं, आणि लेकीने ते बोलणं सल्ला समजून घेतलं होतं.

‘बैठक कधी आहे?’ बाबांनी विचारलं.

‘ऑफिस उघडल्याबरोबर.’

‘मग ती आता निघालीच असेल. बसमध्ये असेल.’

‘असू दे. गर्दीत असली तरी सांगीन. माझं कालचं ऐकू नकोस म्हणून सांगीन. चूक झाली, वर चढवायचं राहिलं, एवढं सरळ सांग म्हणावं, आणि नोकरीचं काय होईल ते आपण तिघं बघू. ओरडली माझ्यावर तर ओरडू दे.’

‘ओरडेलच,’ बाबा म्हणाले. ‘काल एक आणि आज एक, म्हणेल.’

‘म्हणू दे.’

‘आणि उचलला नाही तर?’

‘तर परत करीन,’ आई म्हणाली आणि फोन जवळ ओढला. ‘उचलेपर्यंत करीन.’