आढ्याचा फेटा

घोटावड्याच्या कुशाबा सुताराला दोन गोष्टी मुळीच सहन होत नसत. एक ओलं लाकूड आणि दुसरी मेहुण्याची स्तुती. ओलं लाकूड त्याच्या अंगणात आणायची कुणाची छाती नव्हती. मेहुण्याची स्तुती मात्र त्याला स्वतःच्या चुलीपुढे बसून ऐकावी लागे, कारण त्याची बायको साळूबाई ही नथूची सख्खी थोरली बहीण.

खरं तर कुणाचा हेवा करावा असं कुशाबाच्या आयुष्यात काही कमी नव्हतं. पिरंगुटपासून कासारसाईपर्यंत घर बांधायचं म्हटलं की त्यालाच बोलावणं जाई. माणूस बुटका, खांद्याला रुंद, कानावर लाल पेन्सिलीचा तुकडा, आणि बोलणं असं तिरकं की समोरच्याला घरी गेल्यावर कळावं. पण त्याचा हात लाकडावर फिरला की तेच लोक गप होत.

त्या भागात एक रीत होती. घराचं आढं, म्हणजे छपराच्या मधोमध शेंड्याला येणारं मोठं लाकूड, चढवायच्या दिवशी सुतार त्यावर घोड्यावर बसावं तसा बसे. आढ्याला आंब्याचा टहाळा बांधला जाई, नारळ फुटे, आणि मग मालकानं स्वतः शिडी चढून सुताराच्या डोक्याला फेटा बांधायचा. मालक पाटील असो की देशमुख, पोट सुटलेला असो की गुडघे धरलेला असो, त्या एका दिवशी त्याला सुतारासाठी शिडी चढावी लागे. कुशाबा तो फेटा उतरवत नसे. तसाच रस्त्यानं, मुद्दाम लांबच्या वाटेनं, घरी येई. असे सगळे फेटे त्यानं एका सागवानी पेटीत घालून ठेवले होते आणि दसऱ्याला ते अंगणात उन्हाला पडत. येणारे-जाणारे बघत. त्यांनी बघावं म्हणूनच ते उन्हाला पडत.

एकसष्ट-बासष्टचा सुमार असेल. पिरंगुटला पौड रस्त्याच्या कडेला सोसायटीनं भाताचं गोदाम बांधायचं काढलं. सोसायटीचे चेअरमन हैबतराव, तालुक्यातलं वजनदार माणूस. एवढी मोठी इमारत त्या खोऱ्यात कुणी पाहिली नव्हती. गोदाम बांधायचं ठरल्याचं कळलं त्या दिवसापासून कुशाबाच्या डोळ्यांपुढे एकच चित्र नाचत होतं. गोदामाच्या आढ्यावर आपण बसलोय आणि हैबतराव धापा टाकत शिडी चढतायत.

आणि काम मिळालं नथूला.

नथू एकेकाळी कुशाबाच्याच हाताखाली रंधा मारायला शिकलेला. हात बरा होता, पण मन लाकडात नव्हतं. तो पुण्याला गेला, गिरण्यांच्या आणि कारखान्यांच्या शेड उभारणाऱ्या एका कंपनीत कामाला राहिला, आणि काही वर्षांनी मिस्त्री होऊन परतला तो खाकी पँट घालूनच. "गोदामाला लाकूड नगं," हैबतरावांनी कुशाबाला सांगून टाकलं. "लोखंडाच्या कैच्या घालायच्या. तुझा मेव्हणाच करतोय की. घरातच ऱ्हायलं म्हणायचं काम!"

त्या वाक्यानं कुशाबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरातच राहिलं असतं तर निदान शेजाऱ्यांना दिसलं तरी नसतं.

ट्रकमधून कैच्या आल्या. लोखंडी अँगलचे तुकडे जोडून केलेले मोठाले त्रिकोण, आतून पोकळ, आरपार आभाळ दिसेल असे. कुशाबा रोज काही ना काही निमित्त काढून घोटावड्याहून चालत पिरंगुटला जाई आणि समोरच्या बांधावर बसून बघे.

"ह्या काटक्या?" पहिल्या दिवशी तो मोठ्यानं म्हणाला. "ह्याच्यावर कावळा बसला तर वाकत्याल."

नथू हसत जवळ आला. त्याचा हाच गुण कुशाबाला सर्वांत वाईट वाटे. तो चिडत नसे.

"दाजी, ह्यातली वरची पट्टी दाबली जाती, खालची ताणली जाती. मधल्या तिरक्या हायेत त्या भार वाटून घेत्यात. म्हून तर मदी खांब लागत न्हाई."

कुशाबाला ते एका दमात समजलं. समजलं, आणि आवडलंही, आणि आवडलं म्हणून त्याचा जास्तच जळफळाट झाला. जन्मभर त्यानं खांबाशिवाय काही उभं केलं नव्हतं. चांगल्या घराच्या माजघरातही मधे खांब येई, आणि बायका त्याला चुकवून ताटं वाढत. इथं आत बैलगाडी फिरवून बाहेर काढावी एवढी मोकळी जागा, आणि मधे एक खांब नाही. हे आपल्याला का सुचलं नाही? आणि सुचायचंच होतं तर ह्या पोराला का?

घरी आल्यावर त्यानं साळूबाईला सांगितलं, "पडनार ते. बघ तू."

"शुभ बोला की जरा," साळूबाई म्हणाली. तिला दोघेही प्यारे होते, म्हणून तिचे हाल कुत्रं खात नव्हतं.

शेवटची कैची चढली त्या दिवशी गाव जमलं. हैबतराव शिडी चढले, वर नथूच्या डोक्याला गुलाबी फेटा बांधला. कुशाबा खालून ओरडला, "आढं न्हाई, मग मान कशाचा? लोखंडाला टहाळा बांधत्यात व्हय कुटं?" काही लोक हसले. नथू खाली उतरला, सरळ कुशाबाकडे आला आणि फेटा काढून दोन्ही हातांनी पुढे धरत म्हणाला, "दाजी, शिकवलं तुमी. ह्यो तुमचाच."

कुशाबानं फेट्याकडे पाहिलं. रंग सुरेख होता. पण मेहुण्याच्या डोक्यावरून उतरलेला मान म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं उष्टं. "माज्या पेटीत जागा न्हाई," म्हणून तो निघाला, आणि वाटेत सगळ्या देवांना त्यानं त्या गोदामावर वारा सोडायला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात हैबतरावांचं बोलावणं आलं. गोदामाच्या पुढे गाड्या खाली करायला आणि भात मापायला एक लांब पडवी हवी होती. मागं भिंत, पुढे लाकडी खांब, पुढची बाजू सगळी उघडी. छप्पर तेवढं गोदामासारखंच, पन्हळी पत्र्याचं. कुशाबाच्या अंगात बळ आलं. गोदामाच्या तोंडावरच आपलं काम! येणारा माणूस आधी आपलं सागवान बघणार, मग आतल्या काटक्या. तो खुशीत घरी येऊन जेवायला बसला आणि साळूबाईच्या तोंडून निघून गेलं, "नथूनंच शबुद टाकला व्हता चेरमनकडं. म्हनला, पडवी दाजीच करत्याल."

कुशाबाच्या तोंडातला घास फिरला. काम सोडावं तर गाव हसणार, करावं तर मेहुण्याच्या उपकाराचं. त्यानं केलं, पण दात-ओठ खाऊन केलं.

अशा वेळी नथू एक पोतं घेऊन आला. पोत्यात लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट.

"दाजी, वासे भिताडाला आन खांबाला ह्या पट्ट्यांनी बांधून टाका. पुढनं उघडी हाय पडवी. वारं आत घुसलं की खालनं उचलतंय. पत्रा लई हलका."

"बांधायचं ते गुराला," कुशाबा म्हणाला. "घर आपल्या वजनानं बसतंय. तुज्या जल्माच्या आदीपास्नं बसतंय."

यात त्याचं खोटं काही नव्हतं. त्याची सगळी छपरं कौलांची. कौलांचं ओझं एवढं की वासे भिंतीवर नुसते खाच पाडून ठेवले तरी हलायची बिशाद नसे. जन्मभर त्याची एकच चिंता होती, छप्पर खाली येऊ नये. छप्पर वरही जाऊ शकतं हे त्याच्या हातांना माहीतच नव्हतं. आणि मनाला थोडं पटलं होतं, तरी दुसरा उपकार गिळायची त्याची तयारी नव्हती. पोतं त्यानं घरी आणलं आणि कामाच्या छपरीत लाकडाच्या ढलप्यांखाली टाकून दिलं.

पडवी देखणी झाली. खांबांना त्यानं कमळं कोरली. मापायच्या पडवीला कमळं कशाला, असं हैबतराव म्हणालेही.

चैत्र सरता सरता एका दुपारी वळवाचं वारं सुटलं. पाऊस असा पडलाच नाही, नुसती धूळ आणि सोसाट्याचा वारा. कुशाबा घोटावड्यात पटाशीला धार लावत होता. वारा वाढला तसा तो उठून अंगणात आला, पिरंगुटच्या दिशेनं तोंड करून उभा राहिला, आणि त्याच्या मनात लाज वाटावी अशी उकळी फुटली. आज काटक्या वाकणार! वारा थांबायच्या आत तो वाटेला लागलासुद्धा.

गोदाम उभं होतं. एक पत्रा इकडचा तिकडे नव्हता. आणि त्याच्यासमोर कुशाबाचे कमळांचे खांब उघडेबोडके आभाळाखाली उभे होते. पडवीचं सगळं छप्पर, वाशांसकट, रस्त्यापलीकडच्या भातखाचरात उताणं पडलं होतं. माणूस-जनावर कुणाला लागलं नव्हतं, एवढंच.

माणसं गोळा झाली होती. हैबतराव लाल झाले होते. "कुनाची चूक ही?"

तेवढ्यात नथू पुढे झाला.

"माजी चूक, चेरमन. पत्र्याचं काम म्हंजी पट्ट्या मी द्यायच्या व्हत्या. इसारलो. दाजींला काय ठावं पत्र्याचं?"

"इसारला?" हैबतरावांचा आवाज चढला. "आन पौडचं गोदामबी तुलाच द्यायचं म्हनत व्हतो मी! आता इचार करावा लागंल."

नथूनं मान खाली घातली. लोक त्याच्याकडे बघत कुजबुजायला लागले. कुशाबानं वर्षभर हेच मागितलं होतं. नथूची मान खाली, हैबतरावांचा आवाज चढलेला, आणि आपल्याला कुणी काही म्हणत नाही. त्यानं फक्त गप राहायचं होतं. तो गप राहिलाही, चार श्वास. पण तेवढ्यात त्याला मागून एक म्हातारा म्हणताना ऐकू आला, "बगा, मेव्हण्याला संबाळून घेतो कसा. मानूस देवावानी."

झालं! मोठेपणही तोच घेऊन चालला होता.

"ए!" कुशाबा असा ओरडला की हैबतराव दचकले. "काम घेतलंस, फेटा घेतलास. आता माजी चूकबी तूच घेनार व्हय? ती तरी माजी मला ऱ्हाऊ दे!" मग हैबतरावांकडे वळून म्हणाला, "पट्ट्या दिल्या व्हत्या ह्यानं. माज्या छपरीत ढलप्यांखाली पोतं पडलंय. मी बांधल्या न्हाईत. पौडचं काम द्या त्याला, मला त्याचं त्वांड बगायचं न्हाई."

आणि तो तरातरा घोटावड्याला गेला, पोतं पाठीवर टाकून दिवस बुडता बुडता परत आला, आणि वाट बघत थांबलेल्या सगळ्यांदेखत हैबतरावांच्या पायाशी त्यानं ते उपडं केलं. पट्ट्यांना अजून भुसा चिकटलेला होता.

छप्पर त्यानं स्वखुशीनं, फुकट, पुन्हा चढवलं. दुरुस्तीला फेटा नसतो. खाली शिडी धरायला नथू होता, कारण दुसरं कुणी कुशाबाची बोलणी खायला तयार नव्हतं. पहिली पट्टी बसवून बोल्ट आवळायची वेळ आली तेव्हा कुशाबानं वर बसून आधी बोटांनीच बोल्ट फिरवून पाहिला. मग त्यानं खाली हात केला.

"पाना दे."

जन्मात पहिल्यांदा त्यानं मेहुण्याकडे काही मागितलं होतं. नथूनं पाना दिला. कुशाबानं बोल्ट आवळला, पट्टी हलवून पाहिली. ती हलली नाही. त्यानं अंगाचा भार टाकून ती वरच्या बाजूला उचलून पाहिली, तरी हलली नाही.

"तुज्या पट्ट्या," शेवटी तो म्हणाला, "जरा आखूडच हायेत."