गोधडीतली बॅटरी

बॅटरीला गोधडी पांघरलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो. वर ताडपत्री, तिच्याखाली ट्रेलर, ट्रेलरच्या कप्प्यात बॅटरी आणि बॅटरीवर चांगली जाडजूड गोधडी. काटोल रोडवरच्या त्या बंगल्यात माणसांपेक्षा बॅटरीची काळजी जास्त घेतली जात होती.

मालक वानखेडे साहेब मौद्याकडच्या एका वीज प्लांटमधून रिटायर झालेले. ट्रेलर म्हणजे कारच्या मागे जोडून न्यायची चाकांवरची खोली. बेड, ओटा, दिवे, सगळं बॅटरीवर. एकदा पचमढीला जाऊन आला, तेव्हापासून अंगणात उभा. हिवाळ्यात तो उघड्यावर कसा ठेवायचा, हे साहेब अमेरिकेतल्या व्हिडिओंवरून शिकले होते. तिकडे पाइपातलं पाणी गोठतं, म्हणून यांनीही टाकी रिकामी केली होती. नागपुरात थंडीने फार तर खोबरेल तेल गोठतं, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

त्यांची तक्रार अशी, की दर रविवारी ते बॅटरी फुल चार्ज करतात, मेन स्विच बंद करतात, आणि पुढच्या रविवारी ती बसलेली असते. बॅटरी वॉरंटीत होती, म्हणून कंपनीने मला पाठवलं होतं.

"तुमचा मालच डिफेक्टिव्ह हाये," साहेब म्हणाले. "मी आयुष्यभर वीज बनवली. मले शिकवू नका."

मी टेस्टर लावला. आकडे पाहूनच अंदाज आला की सल्फेशन झालंय. लेड-अ‍ॅसिड बॅटरी वारंवार पूर्ण उतरवली की तिच्या प्लेटांवर पांढरा थर धरतो, गीझरच्या कॉइलवर क्षार बसतात तसा. मग ती चार्ज धरत नाही. नुसती उभी राहून बॅटरी आठवड्यात उतरत नाही. कोणीतरी ती वापरत होतं.

मेन स्विच पाहिला, तर चालू. आत गेलो. ओट्यावर इलेक्ट्रिक किटली होती आणि ती अजून गरम होती. आल्याचा वासही येत होता. इन्व्हर्टरवर किटली चालवणं म्हणजे बॅटरीचं रक्त काढणं. हे मी साहेबांना जरा सौम्य शब्दांत सांगितलं.

साहेबांनी केस जागेवरच निकालात काढली. आरोपी, वॉचमन भाऊराव. गेटवर दिवसभर स्वेटर घालून बसणारा साठीचा माणूस. मी आत पायही ठेवला नाही, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. साहेबांनी त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. भाऊरावचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटलं. मी वॉरंटी नाकारायला आलो होतो, कोणाची नोकरी खायला नाही.

तेवढ्यात साहेबांच्या पत्नी, मॅडम, घरातून बाहेर आल्या. हातात अर्धा कप चहा.

"त्याले काहून बोलता? चहा मी करते. रोज दुपारी तिथंच बसून राहते मी."

माझी गाडी वाजली तशा त्या घाईत घरात पळाल्या होत्या आणि स्विच राहून गेला होता. भाऊरावला सगळं माहीत होतं, पण तो मॅडमचं नाव घ्यायला तयार नव्हता.

"तू? काहून वं? घरात किचन नाही काय?"

"किचन हाये. पण घरात तुम्ही हाये ना."

मॅडमना आता ब्रेक लागत नव्हता. इतकी वर्षं साहेब प्लांटवर आणि दुपार त्यांची एकटीची. रिटायर झाल्यापासून साहेब फ्रिज कसा लावायचा, कांदा कसा चिरायचा यावर रोज मार्गदर्शन करतात. ट्रेलरमध्ये आपल्याला कोणी काही समजावून सांगत नाही, असं त्या म्हणाल्या. भाऊराव तोंड फिरवून गेटकडे गेला. तो हसत होता, अशी माझी खात्री आहे.

त्याची नोकरी वाचली. वॉरंटी मी नाकारली. रिपोर्टमध्ये कारण लिहिलं, वारंवार डीप डिस्चार्ज. साहेबांनी मुकाट्याने नवी बॅटरी घेतली आणि ट्रेलरच्या छतावर सोलर पॅनल बसवला. मॅडमनी दाराला आतून कडी बसवून घेतली.

तेव्हा हिवाळ्यात ट्रेलर उघड्यावर ठेवायचा असेल तर बॅटरी फुल चार्ज करा, निगेटिव्हची वायर काढा आणि गोधडी स्वतः पांघरा. त्याआधी तिथे कोणी राहत नाही ना, एवढं घरात विचारून घ्या.

संध्याकाळी हा किस्सा मी बायकोला चांगला रंगवून सांगितला. पुढच्या वर्षी मीही रिटायर होतोय. ती हसली नाही. तिने गॅस बारीक केला आणि विचारलं, "असे ट्रेलर नागपुरात भेटतात कुठं?"