हरिहररावांचा कंगवा आणि मागचं डबकं

बाळकुमच्या त्या सोसायटीत कुजबूज अशी होती की, हरिहररावांचं वर्तकनगरात कुठेतरी जमलंय. पुरावा काय, तर डोक्यावर औषधालाही केस नसलेला हा गृहस्थ रोज संध्याकाळी बायकी कंगवा खिशात घालून मागच्या गेटने बाहेर पडतो! बातमी शेजारच्या शकूची. वर्तकनगरच का? तर तिची नणंद तिथे राहते, तिला बाकीचं ठाणं फारसं ठाऊक नाही.

खरं तर हरिहररावांनी तेव्हाच खुलासा करायचा. पण जन्म गेला नौपाड्यात चष्मे विकण्यात. या देहावर कुणी असला संशय कधी घेतलाच नव्हता. एकोणसत्तराव्या वर्षी घेतला म्हटल्यावर स्वारी खुलली. शकू दिसली की मुद्दाम खिसा चाचपायची.

आणि सेक्रेटरी गुरुदत्तने जाहीर केलं, रविवारी मागचं डबकं डेब्रिज टाकून बुजवायचं, पार्किंग करायचं.

हरिहररावांनी हरकत घेतली, आधी तिथले बेडूक तरी बघा म्हणाले. त्या डबक्यात नखाएवढे बेडूक होते. तपकिरी नक्षीची पाठ, चिमुकलं तोंड आणि आवाज मात्र सभा गाजवणारा. अंडी सायीसारखी पाण्यावर पसरलेली. काहींतून बेडूकमासे निघालेले, इतके आरपार की नुसते डोळेच पोहताहेत असं वाटावं. पाय फुटेपर्यंत त्यांना पाणी हवंच होतं.

संध्याकाळी अर्धी सोसायटी डबक्याकाठी जमली. माणसांची चाहूल लागताच बेडूक गप्प.

"काका, कुठायत तुमचे बेडूक?" गुरुदत्त म्हणाला. "डासच आहेत नुसते."

आली पंचाईत. बेडूक दाखवायचे, तर इतक्या उशिरा कमावलेली बदनामी हातची जाणार!

"अहो, काढा आता तो कंगवा," त्यांच्या पत्नी वासंतीबाई म्हणाल्या. "किती दिवस मिरवणार?"

हरिहररावांनी कंगवा काढून दात्यांवरून नख ओढलं. कर्रर्र. पुन्हा कर्रर्र. गवतातून उत्तर आलं, कर्रर्र! मग दुसरं, मग सगळं डबकंच ओरडायला लागलं. आपल्या हद्दीत हा कोण नवा नर घुसला म्हणून बेडूक खवळले होते. हरिहररावांना प्रतिस्पर्धी मानणारे जगात तेवढेच.

"एवढंच होय?" शकू हिरमुसली.

"पाय फुटेस्तोवर थांबतो, काका," गुरुदत्त हसत म्हणाला. "पण मग वर्तकनगरचं काय?"

वर्तकनगरात कुणी बाई नव्हती. कंगवा वासंतीबाईंचा होता.