राळ्याचं बी

"घरची सून सोडून शेजारच्या खतीजाला बी कावून दिलंस?" अर्जुनराव बायकोवर खेकसले.

बायको कुठली ऐकून घेणार! "सुनेच्या हाताला धीर न्हाई. भर दुपारी पाणी घालून राळा करपवील. खतीजाच्या आंगणात लिंबाची सावली हाय, अन् तिला सबुरीबी हाय."

दाराआड उभी राहून हे ऐकणारी सून म्हणजे नेकनूरची सावित्रीबाई. लग्नाला सहाच महिने झालते. सासू-सासऱ्याचं भांडण भाकरी होईस्तवर मिटलं. सावित्रीबाईच्या पोटात मात्र ते चाळीस वर्षं ठसठसलं.

पुढं शिवारात राळा कुणी पेरीना झालं. खतीजाच्या लिंबाखाली तेवढा गुडघाभर राळा डुलायचा. भोगीला राळ्याचा भात तर लागतोच, मग अख्खी गल्ली वाट्या घेऊन तिच्या दारात. ते बघून सावित्रीबाईचा नुसता जळफळाट. तिनं हट्टानं आपल्या आंगणात लिंब लावला. सावली आली, पण बी कुठून येणार?

खतीजा दरसाल म्हणायची, "अक्का, मूठभर बी न्या की."

"सासूनं दिलं न्हाई, ते तुझ्याकडून कशाला घेऊ?"

मागच्या श्रावणात खतीजानं खुरपून मधल्या भिंतीवर ठेवलेली रोपं वाऱ्यानं अलीकडं पडली. सावित्रीबाईला वाटलं, दाट झाला म्हणून राळाच विरळला असंल. आपल्या आंगणात पडलं ते आपलं, त्याला मागणं म्हणत न्हाईत! एकेक रोप लिंबाखाली लावलं. सांज-सकाळ तांब्यानं पाणी, दुपारी थेंब न्हाई. सासू बघायला पायजे होती.

भादव्यात कणसं आली, अन् सून सुरेखाच्या साडीला चिकटून बसली.

"आत्याबाई, ह्यो तर चिकटा हाय! तण!"

"गप. सावलीतला राळा असाच येतो."

तवापासनं म्हातारी तण राखत बसली. कुणाला उपटू देईना.

मग भोगी आली, सावित्रीबाईची शेवटची. आदल्या दिवशी वाटीत बोरं भरून ती खतीजाकडं गेली. पदराला चिकट्याचं वाळलेलं कणीस तसंच लटकत होतं. खतीजानं ते हळूच काढून चुलीत टाकलं.

"अक्का, औंदा तुमच्याकडंबी पिकलाय म्हणं?"

"पिकलाय की. बियाला ठेवलाय."

"लई बरं केलं."

खतीजानं बोरं ओतून घेतली, वाटी उखळात कांडलेल्या राळ्यानं शिगोशीग भरली. सावित्रीबाईनं चिमूटभर तळहातावर घेऊन उजेडाला धरला.

"औंदा दाणा बारीक पडला तुझा."

हे ती दरसालच म्हणायची. मग वाटी पदरानं झाकली, अन् एक दाणा सांडू न देता घरी आली.