दाराबाहेरच्या चपला

हळद शिजवल्याचा वास आला की मला आखाडा बाळापूरचा तो रविवार आठवतो. पत्र्याच्या खोलीत आमी दहा-बारा जण ख्रिस्ती प्रार्थनेला जमायचो. बाहेर चपलांचा ढीग दिसला तर कोणीतरी चौकशीला येईल, या भीतीनं जो तो आपल्या चपला पिशवीत घालून आत आणायचा. त्या दिवशी एक अनोळखी माणूस आला आणि चपला दाराबाहेरच काढून आमच्यात बसला. कोणाला खूण म्हणून तर ठेवल्या नसतील? पाळकबाईंनी प्रार्थना सुरू केली, तरी मी दाराच्या फटीतून त्या चपलांवरच नजर ठेवून होतो. शेवटी न राहवून त्याला विचारलं, "चपला बाहेर काहून ठेवल्या?" तो गोंधळला. "देवाच्या दारात बाहेरच काढतेत ना?" पाळकबाई हळूच म्हणाल्या, "दादा, तुमी डोळे मिटा." मी मिटले न्हाईत. तो माणूस पुन्हा कधी आला न्हाई, आणि तो कोण होता ते मला आजही ठाऊक न्हाई. त्या प्रार्थनेतला एक शब्द आठवत न्हाई. दोऱ्यानं शिवलेला चपलेचा अंगठा आणि टाचेला लागलेली हळद मात्र अजून डोळ्यांसमोर आहे.